टर्मिनेशन म्हणजे नेहमी संपवणंच नाही

एकांनी लिहिलंय की टर्मिनेशन म्हणजे सगळीकडे संपवणंच, मग ते नोकरीचं असो, गर्भाचं असो की बायोलॉजीतलं. बायोलॉजीपुरतं बऱ्यापैकी पटतं, यूएए, यूएजी, यूजीए यापैकी एखादा स्टॉप कोडॉन (प्रोटीन बनवणं थांबवायची तीन अक्षरी खूण) आला की रिलीज फॅक्टर नावाचं प्रोटीन येऊन चिकटतं अन् तयार झालेली प्रोटीनची साखळी रायबोसोमपासून, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रापासून, सुटते. पण आपल्याच पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात (ऊर्जा बनवणारा भाग) यूजीए म्हणजे थांबा नाही, तर ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल साखळीत जोडा.

मी नागपूरजवळ बुटीबोरीला इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आहे, आमच्याकडे टर्मिनेशन म्हणजे केबलचं टोक सोलून, त्यावर लग (धातूची टोपी) दाबून, म्हणजे क्रिंप करून, पॅनलला जोडणं, म्हणजे सप्लाय तिथूनच पुढं जातो. ११ केव्हीच्या केबलचं तर फार जपून करावं लागतं, बाहेरचा सेमिकॉन (अर्धवाहक) थर जिथं कापला तिथं इलेक्ट्रिक फील्ड एकवटतं म्हणून ते पसरवायला वरून स्ट्रेस कंट्रोल ट्यूब चढवतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात ४५ डिग्रीत हे करताना घामाचा थेंब इन्सुलेशनवर पडला अन् तसाच राहिला की पुढं कधीतरी फॉल्ट तिथंच निघतो, म्हणून आम्ही प्रत्येक वेळी पुसून पुसून करतो. आरएस-४८५ (यंत्रांमध्ये डेटा पाठवायची) लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावतात त्यालाही टर्मिनेशनच म्हणतात, ते सिग्नल टोकावर आपटून परत फिरू नये म्हणून.