घाट उतरला की एफएम गायब, मग पूर्वी घाटाखालच्या निमाडात इंदूर आकाशवाणी कशी लागायची?

सुदामानगरकर:
नमस्कार मंडळी, आम्ही खंडवा रोडने सनावदला माझ्या सासरवाडीला जातो, गाडीत विविध भारती 101.6 लावलेलं असतं, सिमरोलपर्यंत एकदम क्लीअर आणि भेरूघाट उतरायला लागलं की खरखर सुरू, बलवाड्याला तर काहीच नाही. पण सासरे म्हणतात पूर्वी इंदूर आकाशवाणी त्यांच्या शेतात पण मस्त लागायची, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातली नंदाजी-भेराजीची जोडी ऐकल्याशिवाय घरात कुणी जेवायला बसत नसे. मग तेव्हाचा टॉवर जास्त उंच होता का? टीव्हीचं पण असंच होतं का? माहिती असेल त्यांनी सांगा प्लीज.

रामबागवाला:
उंचीचा प्रश्न नाहीये दादा, लहरच वेगळी. इंदूर केंद्र 1955 चं, मालवा हाउस म्हणजे स्टुडिओ, आणि सासरे ऐकायचे ते मीडियम वेव्ह, 648 किलोहर्ट्झ, 200 किलोवॅट. त्या लहरीची लांबी 463 मीटरच्या आसपास, एवढी लांब लहर जमीन धरून चालते, दरी-डोंगराला फारशी जुमानत नाही. 101.6 वाली जेमतेम तीन मीटरची, ती जवळपास सरळच जाते. तिथे मात्र उंची लागते. साधा हिशोब सांगतो, अँटेनाच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा आणि 4.1 ने गुणा, 100 मीटर असेल तर सपाटीवर 41 किमी. पण इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आणि घाटाखाली बडवाह-सनावद दोनशेच्या आसपास, म्हणजे तुम्ही पठाराच्या कडेमागे सावलीत जाता. देवास-उज्जैनच्या बाजूला जाऊन बघा, तिकडे असं एकदम तुटत नाही.

जुना_ट्रान्समीटर:
बरोबर. मी दुसऱ्या राज्यात मीडियम वेव्हच्या ट्रान्समीटरवर नोकरी केलीये म्हणून थोडी भर घालतो. एफएममध्ये टॉवर फक्त खांब, अँटेना वर बसवलेली असते. मीडियम वेव्हमध्ये अख्खा मास्टच (उभा लोखंडी मनोरा) अँटेना! तो खाली चिनीमातीच्या जाड इन्सुलेटरवर उभा असतो, ताणाच्या तारांमध्ये पण मधेमधे इन्सुलेटर, आणि बुंध्यापासून चहूबाजूंनी तांब्याच्या तारा जमिनीत पुरलेल्या असतात, त्या वरून दिसत नाहीत पण अर्धं काम त्यांचंच. असा मास्ट उंचीला साधारण पाव लहरीएवढा धरतात, 648 ला पाव लहर म्हणजे साधारण 115 मीटर. शिवाय जमीन ओल धरणारी असेल तर लहर लांब जाते, आणि माळव्याची काळी माती त्या बाबतीत फार चांगली. मला मनापासून वाटतं की मीडियम वेव्ह जुनी झाली म्हणून बंद करायची घाई कुणी करू नये, घाटाखालच्या गावांना एका मास्टवरून एवढा आवाज दुसरं काही देत नाही.

लोकमान्यनगर_ताई:
रात्रीचं कुणीच बोललं नाही! आमच्या आईकडे रात्री मुंबईची अस्मिता वाहिनी 558 वर यायची, नागपूर 585 वर, दिवसा काही नाही. दिवसा वातावरणाचा एक थर मीडियम वेव्ह शोषून घेतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि त्याच्या वरच्या थरावर आपटून लहर शेकडो किलोमीटरवर उतरते. आई रेडिओ हळूहळू फिरवत बसायची, आतल्या फेराइटच्या कांडीची (तीच रेडिओची अँटेना) बाजू स्टेशनकडे झाली की आवाज भरायचा आणि टोक झालं की बुडायचा, इंदूरात मराठी ऐकायला मिळावं म्हणून एवढी खटपट.

रामबागवाला:
ताई एकदम बरोबर. टीव्हीचं राहिलं, दूरदर्शन एफएमच्याच पंगतीतलं, सरळ रेषेवालं. 1984 मध्ये देशभर छोटे छोटे ट्रान्समीटर लागले, बरेचसे 100 वॅटचे, त्यामुळे शहरात साध्या अँटेनावर चित्र यायचं आणि लांबच्या गावात उंच पाइप आणि बूस्टर लावून पण मुंग्याच. 2016 च्या फेब्रुवारीत 16 शहरांत मोबाइलवर पण दिसेल असं डिजिटल दूरदर्शन आलं त्यात आपलं इंदूर होतं, पण त्याला डीव्हीबी-टी2 (त्या डिजिटल प्रसारणाची पद्धत) वाला डोंगल किंवा तसा टीव्ही पाहिजे, तो किती जणांकडे असणार. घाटाखाली टीव्हीसाठी दूरदर्शनची फ्री डिशच बरी, सिग्नल वरून उपग्रहाकडून येतो त्यामुळे पठाराची कड मधे येत नाही.