मदत हवी आहे : बॅकिंग गायिकेच्या आलापाचं श्रेय करारात कसं लिहावं?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यातल्या एका मराठी रॉक बँडमध्ये बॅकिंग व्होकल्स गाते. आमच्या स्वतःच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग वाशीला झालंय, पुढच्या महिन्यात ती ऑनलाइन येतील. बहुतेक गाण्यांत माझी नेहमीची हार्मनी आहे, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण एका गाण्यात मुख्य गायक थांबतो आणि तिथून शेवटपर्यंत फक्त माझा आलाप आहे, शब्दांशिवाय. तो कुणी बसवून दिला नव्हता, माइकसमोर उभी असताना तिथेच सुचला.

क्लेअर टॉरीचं उदाहरण डोक्यातून जात नाही. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७३च्या अल्बममध्ये ही गायिका असाच शब्दांशिवाय आलाप गायली, मानधन ३० पौंड. संगीतरचनेत तिचं नाव लागलं ते २००५मध्ये, कोर्टाबाहेर तडजोड झाल्यावर.

बँडशी बोलले. ‘नाव टाकूच’ म्हणाले, आणि ते टाकतील याची मला खात्री आहे. पण लेखी काही नाही, पैसे एकरकमी जीपेवर आलेत. कॉपीराइट कायद्यातलं कलम ३८ वाचलं, सादरकर्त्याचे हक्क ५० वर्षं टिकतात हे कळलं. मात्र ते गायनापुरतं झालं, संगीतरचनेचं काय? गाणं सिनेमातलं नाही. भांडण नकोय, माणसं जवळची आहेत. वकिलाचा मोठा खर्च झेपणार नाही.

असा एकपानी करार कुणी केलाय का? त्यात आलापासाठी फक्त गायिका म्हणून नाव घ्यावं, की सहसंगीतकार म्हणून हिस्साही मागावा, आणि ते नेमकं कोणत्या शब्दांत लिहावं?