प्रवासातला पॅलिओ खाऊ : शेंगदाणे नकोत, खोबरं न्या
मुलांच्या प्रवासासाठी पॅलिओ खाऊ काय न्यावा, यावर तुम्ही शेंगदाण्याचे लाडू आणि फुटाणे सुचवलेत, पण पॅलिओत (म्हणजे धान्यं, कडधान्यं टाळून आदिमानवाच्या धर्तीवर खाण्याच्या पद्धतीत) ते बसत नाहीत. शेंगदाणा बदाम-अक्रोडाच्या जातीचा नाही, तो शेंगवर्गातला. फुटाणे तर हरभरेच. राजगिऱ्याची वडीही काटेकोर पॅलिओवाले खात नाहीत, उपवासाला चालते म्हणून इथे चालेल असं नाही.

आम्ही रेल्वेने लांब जाताना सुक्या खोबऱ्याचे पातळ काप मंद आचेवर भाजतो, वर किंचित मीठ आणि जिरेपूड. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका, वाफ धरली की सगळा कुरकुरीतपणा जातो. दुसरा डबा लाडवांचा: बिया काढलेला खजूर, सुके अंजीर, भाजलेले बदाम आणि तीळ मिक्सरमधून काढायचे आणि हाताला खोबरेल लावून वळायचे. खजुराच्या चिकटपणावर लाडू छान वळतात, गूळ लागत नाही. आमच्याकडे हाच डबा आधी रिकामा होतो.

केळी, पेरू वाटेतही मिळतात, ओझं कशाला?

उकडलेल्या अंड्यांची मात्र काळजी घ्या. ती फ्रीजबाहेर 2 तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरातच संपवावीत. म्हणून गाडीत बसल्या बसल्या पहिला नाश्ता अंड्यांचाच.

आणि कृपा करून, 5 वर्षांखालच्या मुलांना अख्खे बदाम-काजू देऊ नका. हलत्या गाडीत घशात अडकण्याची फार भीती असते. बारीक कूट करूनच द्या.