सेल्जुकांचे हान: दानधर्म की व्यापाराचं धोरण?

वाटाड्या:
तुर्कस्तानात मध्ययुगात राज्य केलेल्या सेल्जुक घराण्याच्या कारवांसरायांबद्दल, म्हणजे व्यापारी काफिल्यांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या हानांबद्दल, कुठेही वाचा, तेच कौतुक, प्रवाशाला तीन दिवस राहणं-खाणं फुकट, किती उदार राजे. मला हे पटत नाही. क्रम बघा ना, सेल्जुकांनी १२०७ ला दक्षिणेचं अंतल्या घेतलं, १२१४ ला उत्तरेचं सिनोप, १२२१ ला पुन्हा दक्षिणेचं अलान्या. दोन्ही किनाऱ्यांवरची बंदरं हातात आली, आणि मग मधल्या उजाड पठारावर एकेका दिवसाच्या मजलेवर हान वाढत गेले. कोन्या-अक्सराय रस्त्यावरचा सुलतान हान सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबादने १२२९ मध्ये बांधला, जवळपास ४,९०० चौ.मी. पसारा आहे त्याचा. एवढा खर्च पुण्यासाठी नाही करत कोणी, व्यापारी यावेत आणि जकात मिळावी म्हणून करतात.

ओवरी:
जकात हवी होती हे मान्य, पण म्हणून दानधर्म खोटा कसा ठरतो? कायसेरीजवळच्या कराताय हानाचा वक्फनामा, म्हणजे दानपत्र, उपलब्ध आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय, मुसलमान असो नसो, गुलाम असो की स्वतंत्र, बाई असो की पुरुष, सगळ्यांना सारखंच भाकरी, मांस आणि वाटीभर शिजवलेलं अन्न. गरिबांच्या पायताणांचीसुद्धा सोय. अनवाणी माणसाकडून कसली आलीय जकात! आणि हे लिहून देणारा जलालुद्दीन कराताय स्वतः गुलामीतून वर आलेला सरदार होता, त्यामुळे "गुलाम" हा शब्द मला तिथे फार महत्त्वाचा वाटतो.

दगडधोंडे:
तुम्ही दोघं कागदांवर भांडताय, इमारत बघा की. सुलतान हानाला बाहेरून खिडक्या नाहीत, सगळीकडे जाड भिंती, बुरूज, आत जायला एकच दरवाजा. रात्री तो बंद केला की माल सुरक्षित. तरी त्याच दरवाजावर संगमरवर, वर मधाच्या पोळ्यासारखी कोरलेली कमान, उंची १३ मीटरच्या आसपास! संरक्षणासाठी एवढ्या नक्षीची काही गरज नव्हती, धुळीतून आलेल्या परदेशी व्यापाऱ्याला सुलतान कोण आहे ते कळावं म्हणून ती आहे. स्थपती दमास्कसचा मुहम्मद, म्हणजे कारागीरही बाहेरून आणले. माझं मत वाटाड्याच्या बाजूने.

ओवरी:
दरवाजापाशीच का थांबलात, पुढे चला. अंगणाच्या मधोमध चार कमानींवर उचललेली छोटी मशीद आहे, खालून जनावरं आणि माणसं जातायत, वर नमाज चाललाय. बाजूला ओवऱ्या आणि खोल्या, मागे हिवाळ्यासाठी छताचं प्रचंड दालन आणि मधल्या घुमटातून येणारा उजेड. पठारावरच्या थंडीत उंट-घोडे आणि माणसं कशी जगतील याचा इतका बारीक विचार नुसत्या रुबाबासाठी होत नाही.

आणि एक प्रश्न, १२४३ ला कोसेदाग इथे मंगोलांनी सेल्जुकांना हरवलं, त्यानंतर सुलतान नावापुरते उरले. मग आगीत नुकसान झालेला हा हान १२७८ ला एका सुभेदाराने दुरुस्त का केला?

वाटाड्या:
कारण सुलतान दुबळा झाला तरी रस्ता चालूच होता! मंगोलांनाही व्यापार आणि कर हवाच होता, उलट हे माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. कराताय हानाच्या वक्फनाम्याबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही, पण एका सरदाराच्या भावनेवरून अख्ख्या राज्याचं धोरण ठरवता येत नाही.