टेस्ट फक्त रात्री फेल होते, दिवसा पास... घड्याळ थांबवायचं कसं?

रातकिडा:
मंडळी जरा मदत करा. पायथनमधे बिलिंगचं काम चालूये, इनव्हॉइसवर तारीख आणि आर्थिक वर्ष टाकणारं एक छोटंसं फंक्शन आहे. त्याची टेस्ट (फंक्शन बरोबर उत्तर देतं का ते तपासणारा कोड) माझ्या लॅपटॉपवर कधीच पडत नाही, पण सर्व्हरवर रात्री दोनला बिल्ड होतो (सगळ्या टेस्ट आपोआप चालतात) त्यात लाल, आणि सकाळी चहा घेऊन बसलो की रीरन मारतो तर हिरवं!! लीड म्हणतो फ्लेकी आहे (उगाच कधी पास, कधी फेल), स्किप मार. मला काही पटत नाहीये.

निवांत_माणूस:
रात्री १२ ते पहाटे साडेपाचमधेच पडते का बघ. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असणार, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे आपली तारीख बदलली तरी त्याच्याकडे कालचीच. टेस्टमधे तू भारतीय वेळेची तारीख घेतोयस आणि कोडमधे नुसतं डेट.टुडे() (मशीनच्या घड्याळाची आजची तारीख) असणार, लाव पैज. फ्रीझगन (टेस्टमधे पायथनचं घड्याळ थांबवणारी लायब्ररी) टाक आणि घड्याळ ३१ मार्च २०२४, १९:३० ला थांबव. ते ही वेळ यूटीसी धरतं, म्हणजे आपल्याकडे १ एप्रिलच्या रात्रीचा १ वाजलेला असतो. तिकडे वर्ष २०२३-२४, इकडे २०२४-२५. आणि अपेक्षित उत्तर हाताने लिही बाबा, टेस्टमधे परत "आज" काढत बसू नकोस.

जावावाला:
फ्रीझगन ठीक आहे पण मला ते ठिगळ वाटतं. फंक्शनला वेळ बाहेरूनच द्या ना. जावा ८ पासून (२०१४) क्लॉक नावाचा क्लास याचसाठी आहे, खऱ्या कोडमधे सिस्टिमचं घड्याळ द्यायचं, टेस्टमधे क्लॉक.फिक्स्ड. पायथनमधे पण जमतं, फक्त पॅरामीटरच्या डिफॉल्टमधे (काही दिलं नाही तर वापरायची किंमत) डेटटाइम.नाउ(), म्हणजे आत्ताची वेळ, लिहू नका, ते फंक्शन डिफाइन होतानाच एकदा चालतं आणि मग प्रोसेस बंद होईपर्यंत तीच वेळ. एकदा त्यात माझा अख्खा शनिवार गेलाय.

डीबीए_काका:
क्रिएटेड_ॲट (नोंद कधी झाली तो रकाना) डेटाबेस भरत असेल तर फ्रीझगनचा काही उपयोग नाही हं. पोस्टग्रेस या डेटाबेसचं नाउ() स्वतःच्या सर्व्हरचं घड्याळ बघतं, आणि ते पण ट्रान्झॅक्शन (एकत्र होणाऱ्या कामांचा गट) सुरू झाल्याची वेळ देतं, एकाच ट्रान्झॅक्शनमधे दहा वेळा विचारलंत तरी तीच. वेळ ॲपमधूनच पाठवा.

रातकिडा:
काका, तारीख ॲपच भरतं, नशीब. फ्रीझगन टाकलं तर टेस्ट आता लॅपटॉपवर भर दुपारी पण लाल 😂 म्हणजे टेस्ट बरोबर होती, कोडच गंडलाय, डेट.टुडे()च निघालं. लीडला दाखवलं, तो गप्प. आता वेळ बाहेरून द्यायला घेतलीये, २३ ठिकाणी डेट.टुडे() सापडलंय. आणि गेल्या १ एप्रिलला रात्री बारानंतर निघालेली बिलं मागच्या वर्षात गेली असणार, ते अकाउंट्सला कोण सांगणार?

निवांत_माणूस:
लीड.