मदत हवी आहे: एमपीव्ही सोर्समधून बिल्ड होत नाही, लिबप्लेसिबोपाशी अडकतं (तातडीचं)

पार्क_चौक | रात्री १०:१२
एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर सोर्स कोडमधून बिल्ड करतोय. मेसन (बिल्डची तयारी करणारं टूल) सेटअप करताना लिबप्लेसिबोपाशी (एमपीव्हीला चित्र दाखवायला लागणारी लायब्ररी) थांबतं. सापडलं ४.१९२, पाहिजे ६.३३८. ॲप्टला (उबंटूचा पॅकेज मॅनेजर) विचारलं तर 'हेच सर्वात नवीन' म्हणतं. म्हणून लिबप्लेसिबोपण सोर्समधून घेतलं, तर तिथे 'ग्लॅड सापडत नाही'. त्या एररमध्येच गिट सबमॉड्यूलची कमांड दिली आहे, ती चालवली की 'फेटल' येतं. परवा संध्याकाळी एलईडी वॉलवर व्हिडिओ लावायचाय, हार्डवेअर डीकोडिंग (व्हिडिओ उलगडण्याचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्सच्या सर्किटने करणं) चालू झालंच पाहिजे. कोणी केलं असेल तर नेमक्या कमांड द्या. व्हीएलसी वापरा असं कृपया सांगू नका. मोबाईलवरून लिहितोय, पीसी दुकानात आत आहे.

सरळ_विंडोज | रात्री १०:१९
व्हीएलसी का नको ते तरी सांगा. परवा कार्यक्रम आहे आणि आज सोर्स कंपाइल करत बसलात? विंडोज टाका, कोडेक पॅक टाका, मोकळे व्हा. आमच्याकडे लग्नाचे सगळे व्हिडिओ असेच चालतात.

निन्जा_बिल्ड | रात्री १०:२४
ओएस कोणती, कुठली आवृत्ती? एमपीव्हीची कुठली आवृत्ती? प्रोसेसर कोणता? ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का? 'फेटल'च्या पुढे काय लिहिलंय? एवढं कळल्याशिवाय सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

पार्क_चौक | रात्री १०:३१
उबंटू आहे. एमपीव्ही लेटेस्ट. प्रोसेसर आय फाइव्ह. पुढे 'नॉट अ गिट रिपॉझिटरी' असं काहीतरी.

निन्जा_बिल्ड | रात्री १०:३४
आय फाइव्ह २००९ पासून विकतायत. पिढी सांगा. आणि लिबप्लेसिबोचा सोर्स झिप म्हणून उतरवला की गिट क्लोन केला?

मुक्तस्रोत | रात्री १०:३६
एवढा खटाटोप कशाला? फ्लॅटहबवर एमपीव्ही आहे, फ्लॅटपॅकने टाका. नवं लिबप्लेसिबो, नवं एफएफएमपेग (व्हिडिओ डीकोड आणि रूपांतर करणारं साधन) सगळं आतच येतं, सिस्टिमला धक्का लागत नाही. मी गेली काही वर्षं एकही प्लेअर सोर्समधून बांधलेला नाही.

पार्क_चौक | रात्री १०:४५
झिप. कॉलेजच्या वायफायवर भावाने उतरवून पेनड्राइव्हवर आणून दिली. इथे मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेट आहे, फ्लॅटपॅक सोबत रनटाइमपण ओढतं, ते रात्रभर पुरायचं नाही. प्रोसेसरवर ४५९० लिहिलंय. वेगळं कार्ड नाही. उबंटू २२.०४. मेसन पिपने आधीच नवं केलंय.

निन्जा_बिल्ड | रात्री १०:५८
मग दोन्ही एररचं कारण एकच, ती झिप. ग्लॅड, जिन्जा वगैरे गोष्टी लिबप्लेसिबोच्या स्वतःच्या कोडमध्ये नसतात. त्या सबमॉड्यूल म्हणून 'थर्डपार्टी' फोल्डरला जोडलेल्या असतात. गिटहबची झिप सबमॉड्यूल घेतच नाही, ते फोल्डर रिकामेच येतात. बघा, 'थर्डपार्टी'च्या आत 'ग्लॅड' उघडा, एकही फाइल दिसणार नाही. आणि झिपमध्ये डॉट गिट फोल्डरही नसतो, म्हणून सबमॉड्यूलची कमांड 'ही गिट रिपॉझिटरीच नाही' म्हणते. ती झिप सोडून द्या.

गिट क्लोनला '--रिकर्सिव्ह' आणि '--डेप्थ १' हे दोन्ही लावा, म्हणजे जुना इतिहास उतरत नाही आणि हॉटस्पॉटवर निभावतं. मास्टर घेऊ नका, ६.३३८ चा टॅग घ्या. मग मेसन सेटअप, निन्जा, निन्जा इन्स्टॉल, आणि शेवटी सुडो एलडीकॉन्फिग (नव्या लायब्ररीची सिस्टिमला नोंद). हे शेवटचं लोक विसरतात. मग एमपीव्ही बिल्ड होतं पण सुरू करताना 'शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही' म्हणून आपटतं.

अजून एक. एमपीव्ही लेटेस्ट घेऊ नका. ०.३९ पासून एफएफएमपेग ६.१ लागतं, तुमच्या २२.०४ मध्ये ४.४ आहे. ०.३८ घ्या, ती ४.४ वर बांधता येते. नाहीतर लिबप्लेसिबोच्या पाठोपाठ एफएफएमपेगचं शेपूट मागे लागेल.

मुक्तस्रोत | रात्री ११:०४
एलडीकॉन्फिग, टॅग, पिपचं मेसन... परवा कार्यक्रम असलेल्या माणसाला हे सांगणं बरोबर नाही. युजर लोकलमध्ये टाकलेली लायब्ररी उद्या सिस्टिमच्या अपडेटशी भांडली की तुम्ही येणार का निस्तरायला?

निन्जा_बिल्ड | रात्री ११:०९
त्यांनी बिल्डबद्दल विचारलं, मी बिल्डबद्दल सांगतोय. सिस्टिम स्वच्छ ठेवायची असेल तर एमपीव्ही-बिल्ड नावाच्या स्क्रिप्ट आहेत. त्या एफएफएमपेग, लिबॅस, लिबप्लेसिबो सगळं एका फोल्डरात बांधून एमपीव्हीत स्टॅटिक जोडतात. पण त्यात एफएफएमपेगचाही अख्खा सोर्स उतरतो, आणि नॅझम (असेंब्ली कोड कंपाइल करणारं टूल) नसेल तर त्याचं कॉन्फिगर तिथेच थांबतं. मग कोणीतरी एक्सएटीसिक्स असेंब्ली बंद करून बांधायला सांगतं आणि डीकोडिंग इतकं मंदावतं की बांधून उपयोग नाही.

अक्कलकोट_रोड | रात्री ११:१५
नमस्कार. आमचा टॉवेलचा कारखाना आहे, इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आहेत. डिझाइनचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, डोंगल लागतो. लिनक्सवर बीएमपीतून थेट पंचिंग काढणारं काही सोर्समधून बांधता येतं का? इथे जाणकार दिसले म्हणून विचारलं.

बाळीवेसकर | रात्री ११:२२
मालक, तुम्ही वेगळा धागा काढा की, यांचं परवावर आलंय.
पार्क चौक, मी वॉल भाड्याने देतो म्हणून विचारतो. वॉल केवढी आणि पिच काय? व्हिडिओ कसला?

पार्क_चौक | रात्री ११:३०
१० बाय ८ फूट, पी-थ्री. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचं शूटिंग आहे. नंदीध्वजांची (उंच सजवलेल्या काठ्या) मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. गल्लीतली म्हातारी माणसं गर्दीत जाऊ शकली नाहीत, त्यांच्यासाठी चौकात लावायचंय. आमच्या आजीने गेल्या चार-पाच यात्रांत सातही नंदीध्वज एकत्र बघितलेले नाहीत. मोबाईलवर ४के, ६० फ्रेमने घेतलंय. व्हीएलसीत पांढऱ्या बाराबंदीचा (यात्रेतला पारंपरिक अंगरखा) रंग राखाडी दिसतो आणि काठ्या पुढे सरकताना चित्र अडखळतं. एमपीव्हीत रंग बरोबर येतात असं वाचलं, म्हणून हा सगळा प्रयत्न.

निन्जा_बिल्ड | रात्री ११:३६
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. फाइल एचइव्हीसी (म्हणजे एच २६५) आहे का? दहा बिट? फोनमध्ये एचडीआर चालू होतं? एफएफप्रोब (फाइलची माहिती दाखवणारी कमांड) लावून बघा. आणि व्हीएइन्फो (चिप कोणते व्हिडिओ हार्डवेअरवर डीकोड करते ते दाखवणारी कमांड) चालवून त्यात एचइव्हीसी नावाची ओळ दिसते का ते सांगा.

सरळ_विंडोज | रात्री ११:४०
मी म्हणतो एचडीएमआय केबल बदलून बघा. आमच्याकडे एकदा पंधरा मीटरच्या केबलमुळे चित्र अडखळत होतं.

बाळीवेसकर | रात्री ११:४४
केबलने ठिणग्या उडाल्यासारखे ठिपके येतात किंवा चित्र काळं पडतं, दुकानातल्या मॉनिटरवर अडखळत नाही. यांचं मॉनिटरवरच अडखळतंय.

पार्क_चौक | रात्री ११:५८
एचइव्हीसी, मेन १०, एचडीआर आहे. व्हीएइन्फोत एमपेग टू, एच २६४, व्हीसी-१, जेपेग एवढंच. एचइव्हीसीची ओळ नाही. ड्रायव्हर आय ९६५ दाखवतोय. हा ड्रायव्हर जुना आहे का? नवा टाकला तर ती ओळ येईल ना?

निन्जा_बिल्ड | रात्री १२:०७
नाही येणार. ४५९० म्हणजे हॅसवेल, इंटेलची चौथी पिढी, २०१३ चं डिझाइन. एचइव्हीसीचं मानकच २०१३ मध्ये मंजूर झालं. ८ बिट एचइव्हीसीचं पूर्ण हार्डवेअर डीकोडिंग इंटेलच्या सहाव्या पिढीत, स्कायलेकमध्ये आलं आणि १० बिट सातव्यात, कॅबी लेकमध्ये. तुमच्या चिपमध्ये ते सर्किटच नाही. नवा आयएचडी ड्रायव्हर पाचव्या पिढीपासून पुढे चालतो, हॅसवेलला आय ९६५ च बरोबर आहे. एमपीव्ही कितीही नवं बांधा, ४के ६० फ्रेम १० बिटचा सगळा भार चार कोअरवरच पडणार.

बिल्ड वाया जात नाही, रंगाचा प्रश्न त्याने सुटेल. पण अडखळणं त्याने जाणार नाही. रूपांतर करा.

मुक्तस्रोत | रात्री १२:११
हेच मी सुरुवातीपासून सांगत होतो, बिल्ड करू नका.

निन्जा_बिल्ड | रात्री १२:१३
तुम्ही फ्लॅटपॅक सांगत होता. फ्लॅटपॅकनेही या चिपवर तेच झालं असतं.

बाळीवेसकर | रात्री १२:१६
आता माझा हिशेब ऐका. पी-थ्री म्हणजे दोन दिव्यांत ३ मिलिमीटर अंतर. १० फूट म्हणजे ३०४८ मिमी, तीनने भागलं की आडव्या ओळीत सुमारे १०१६ दिवे. उभे ८१० च्या आसपास. तुमच्या ४के फाइलमध्ये आडवे ३८४० पिक्सेल आहेत. म्हणजे पाऊण भाग वॉलवर दिसणारच नाही. फुल एचडीसुद्धा या वॉलला जास्तच आहे. कशाला त्या पीसीचा जीव काढता?
आणि वॉलवाल्याला विचारा, स्केलर (चित्र वॉलच्या मापात बसवणारा) असलेला प्रोसेसर देणार की नुसतं सेंडिंग कार्ड (चित्र आहे तसं वॉलकडे पाठवणारं). नुसतं कार्ड असेल तर फुल एचडी चित्राचा डावा वरचा तुकडाच वॉलवर येतो. ध्वजाचा शेंडा दिसेल आणि माणसं कापली जातील.

निन्जा_बिल्ड | रात्री १२:२९
बाळीवेसकरकाकांनी मुद्द्याचं सांगितलं. आता रूपांतराचं. २२.०४ मधल्या एफएफएमपेगमध्ये झेडस्केल (आकार आणि रंगपद्धत बदलणारा) आणि टोनमॅप (एचडीआरचा उजेड साध्या पडद्याच्या मापात आणणारा) दोन्ही फिल्टर आहेत, त्यासाठी काही बांधायला नको. क्रम मात्र पाळा: आधी आकार १९२०×१०८० वर आणा, मग झेडस्केलने लिनियर करा, मग टोनमॅप हेबल, मग परत झेडस्केलने बीटी ७०९, शेवटी ८ बिट वाययूव्ही ४२०. टोनमॅपचं गणित प्रत्येक पिक्सेलवर दशांशात चालतं, म्हणून आधी लहान केलं तर काम चौथ्या हिश्श्यावर येतं. टोनमॅप न लावता नुसतं ८ बिट केलं तर तीच राखाडी बाराबंदी कायमची फाइलमध्ये बसेल. एच २६४ मध्ये काढा, ते तुमची चिप हार्डवेअरवर सहज डीकोड करते, त्याच्या ओळी व्हीएइन्फोत आहेतच.

आधी वीस सेकंदांचा तुकडा काढून बघा. तुकड्यात उन्हात उभी असलेली पांढरी गर्दी हवी, रंग तिथेच कळतो.

सरळ_विंडोज | रात्री १२:३३
रात्रभर रूपांतर लावणार असाल तर आधी कॅबिनेट उघडून पंखा साफ करा. आपल्याकडची धूळ लई वाईट. प्रोसेसर शंभर डिग्रीच्या जवळ गेला की आपोआप वेग कमी करतो आणि तासाचं काम तीन तास घेतं. हे तरी माझं ऐका.

पार्क_चौक | पहाटे १:५०
पंख्यात खरंच फेल्टसारखा थर होता, ब्रशने काढला. तुकडा काढला. बाराबंदी पांढरी आली, ध्वजाचा केशरी रंगही भडक झाला नाही. पहिल्या वेळी सगळं काळपट आलं होतं, टोनमॅपच्या आधी लिनियरचं झेडस्केल राहिलं होतं. अख्खी फाइल आता लावली.
दुसऱ्या खिडकीत लिबप्लेसिबो रिकर्सिव्ह क्लोन केलं, सरळ बिल्ड झालं. एमपीव्ही ०.३८ चं मेसन अजून ४.१९२ च म्हणतंय.

निन्जा_बिल्ड | सकाळी ६:४०
जुन्या बिल्ड फोल्डरात मेसनने आधीचं उत्तर लक्षात ठेवलंय. '--वाइप' लावून सेटअप परत करा. आणि यादीत व्हीएएपीआयपुढे (लिनक्सवर हार्डवेअर डीकोडिंगचा मार्ग) 'येस' आहे का बघा. लिबव्हीए-डेव्ह पॅकेज नसेल तर मेसन एरर न देता ते गाळून टाकतं आणि तुम्हाला वाटतं हार्डवेअर चालू आहे. प्लेअर सुरू असताना शिफ्ट धरून आय दाबा, वरच्या माहितीत हार्डवेअर डीकोडिंगची ओळ दिसली पाहिजे.

बाळीवेसकर | सकाळी ७:१५
मोबाईलचं शूटिंग आहे तर फ्रेम रेट एकसारखा नसतो, फोन उजेडाप्रमाणे तो कमीजास्त करतो. रूपांतरात ठरावीक फ्रेम रेट दिलाय का? नाहीतर पुढेपुढे हलगीचा आवाज आणि हात जुळत नाहीत. शेवटची पाच मिनिटं बघा, सुरुवात नाही.

पार्क_चौक | सकाळी ११:२०
वाइप केल्यावर एमपीव्ही झालं. लिबव्हीए-डेव्ह नव्हतंच, टाकून परत बांधलं. आता माहितीत व्हीएएपीआय दिसतंय आणि नवी फाइल चालताना प्रोसेसर निवांत आहे. शेवटी हलगी खरंच मागेपुढे होती. ३० फ्रेम ठरावीक देऊन परत रूपांतर लावलंय, दुपारपर्यंत होईल. वॉलवाल्याशी बोललो, तो नुसतं सेंडिंग कार्डच आणणार होता. बाळीवेसकर काका, उद्यापुरता तुमच्याकडे स्केलरचा प्रोसेसर मिळेल का? भाडं सांगा, व्यनि करतो.

बाळीवेसकर | सकाळी ११:२६
मिळेल. भाडं नको, यात्रेचं काम आहे. चारच्या आत न्यायला या, आणि पीसीचा एचडीएमआय आउटपुट १९२०×१०८०, ६० हर्ट्झवर ठेवून या.

अक्कलकोट_रोड | सकाळी ११:४०
माझा धागा वेगळा काढला आहे, जॅकार्डवाल्यांनी तिकडे यावं.