रांगतं बाळ आणि मांजराचं पिल्लू, घरात चाळीस कुंड्या: कुठली झाडं काढू, कुठली ठेवू?

चिऊची_आई

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईने हवाय. मुलगी 10 महिन्यांची आहे, नुकतीच रांगायला लागलीये आणि हाताला लागेल ते थेट तोंडात. त्यात दोन महिन्यांपूर्वी जिन्यात सापडलेलं मांजराचं पिल्लू आता घरचंच झालंय आणि त्याला पानं कुरतडायची फार सवय. आम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, बाल्कनी आणि हॉल मिळून चाळीसेक कुंड्या, सगळ्या सासूबाईंनी वर्षानुवर्षं जपलेल्या.

परवा हॉलमधल्या डिफेनबॅकियाचं (मोठी पानं, पांढरट ठिपके) पान हिने ओढून तोंडात घातलं आणि मिनिटभरात असा टाहो फोडला की मला आधी वाटलं बोट चेमटलं. ओठ लालभडक, लाळ थांबेना. तुकडा बोटाने काढला, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, आणि तसेच डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी दोन तास बसवून ठेवलं, सूज घशाकडे जात नाहीये बघून घरी सोडलं. आता एकदम बरी आहे पण मला रात्री झोप लागत नाहीये.

घरात असलेली झाडं: मनी प्लांट, सिंगोनियम, झीझी, पीस लिली, स्नेक प्लांट, कोरफड, जेड, अडेनियम, पानफुटी, सदाफुली, तुळस, मोगरा, गुलाब, गवती चहा, अरेका पाम. खाली सोसायटीच्या कंपाउंडला कण्हेर आणि पिवळी बिट्टी. सासूबाईंना सगळंच काढा म्हणायला जीभ रेटत नाही हो.

अळूवडी

आधी बाळाला खूप खूप आशीर्वाद. तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत, तोंड पुसून लगेच गेलात.

हे नेमकं काय होतं ते अळूवरून पटकन कळेल. अळू खाजरा निघाला की घसा कसा खवखवतो? म्हणून तर आपण चिंच नाहीतर आमसूल घातल्याशिवाय फदफदं करत नाही. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, पान चावलं की ते जिभेत, हिरड्यांत रुततात. डिफेनबॅकिया अळूच्याच कुळातला, फक्त कितीतरी पटीने खाजरा. मनी प्लांट, सिंगोनियम, झीझी, पीस लिली, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, अँथुरियम, कॅलेडियम ही सगळी त्याच कुळातली भावंडं. पहिल्याच घासाला इतकं झोंबतं की मूल सहसा दुसरा घास घेत नाही, त्यामुळे जीवावर बेतणं दुर्मिळ, पण जीभ-घसा सुजून श्वासाला अडथळा येऊ शकतो म्हणून हलक्यात घ्यायचं नाही.

गच्चीवरची_माती

तुमची यादी वाचली. सगळं एका दमात काढू नका, दोन ढीग करा. एक ढीग झोंबणाऱ्या झाडांचा आणि दुसरा जीवावरच्या झाडांचा. लोक मनी प्लांटला घाबरून फेकून देतात आणि अडेनियम तसंच ठेवतात, कारण ते महाग असतं आणि बोन्साय म्हणून कौतुकाचं असतं.

जीवावरचा ढीग: अडेनियम, पानफुटी, सदाफुली. अडेनियम कण्हेरीच्या कुळातलं, हृदयाचे ठोके बिघडवणारी द्रव्यं त्यात असतात. पानफुटी आणि तिची नर्सरीतली रंगीत फुलांची बहीण कलांचो, दोन्हींत तशीच हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं, मांजराला तर फारच वाईट. सदाफुलीपासून व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरची औषधं निघतात, म्हणजे झाड किती जहाल असेल बघा, आणि आपल्याकडे सर्रास "डायबेटिसला चांगली" म्हणून कुणीतरी पानं चघळायला सांगत असतं. ही तिन्ही माझ्या मते घरातून बाहेर, मूल मोठं होईपर्यंत कुणाकडे तरी सांभाळायला द्या.

झोंबणारा ढीग म्हणजे अळूवडी यांनी सांगितलेलं सगळं. ते टांगा किंवा उंचावर ठेवा, पण मांजर उंचावर जातंच, त्यामुळे तुमच्याकडे टांगणंच बरं आणि मनी प्लांटची वेल खाली लोंबू देऊ नका, खाली लोंबणारी वेल म्हणजे दोघांनाही आमंत्रण. स्नेक प्लांट, जेड, कोरफड यांनी प्राण्यांना उलट्या-जुलाब होतात. कोरफडीचा गर आपण लावतो-खातो ते ठीक, पण सालीखालचा पिवळा चीक रेचक असतो, मांजर साल चावते तेव्हा तोच पोटात जातो. गवती चहाने मांजराचं पोट थोडंफार बिघडू शकतं.

तुळस, मोगरा, गुलाब, अरेका बिनधास्त ठेवा. रिकामी जागा भरायला स्पायडर प्लांट, बॉस्टन फर्न, कॅलेथिया, पेपरोमिया आणा.

आणि नावावर अजिबात जाऊ नका. नर्सरीत "सेगो पाम" म्हणून जे विकतात ते सायकस, तो पाम नाहीच. "लकी बांबू" हा बांबू नाही, ड्रसिना आहे, मांजराला चालत नाही. लिली नावाची तर डझनभर झाडं आहेत आणि प्रत्येकीचं विष वेगळं.

न्यू_जर्सीची_मनी

लिलीवरून लिहिते, कारण ह्यात आमची मांजर गेली. चार वर्षं झाली त्याला. वाढदिवसाला फुलांचा गुच्छ आला होता, त्यात मोठ्या गुलाबी ओरिएंटल लिली. ती नुसती गुच्छाजवळ जाऊन अंग घासून आली, पाठीवर केशरी पराग लागला, मग नेहमीसारखं अंग चाटलं. रात्री दोन उलट्या झाल्या, सकाळी बरी वाटली म्हणून आम्ही थांबलो. तेच चुकलं. तिसऱ्या दिवशी किडन्या बंद पडल्या होत्या.

गुच्छातली खरी लिली (ओरिएंटल, एशियाटिक, ईस्टर) आणि डे लिली, ह्यांचं पान, पाकळी, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या किडन्या घालवतं. मधे बरं वाटल्यासारखं होतं त्याला फसायचं नाही. संशय आला की त्याच तासाला निघायचं, साधारण पहिल्या 18 तासांत सलाईन सुरू झालं तर वाचायची आशा बरीच असते. चिऊच्या_आई, तुमची पीस लिली ह्यात येत नाही, ती अळूवालीच. पण बारशाला, वाढदिवसाला कुणी गुच्छ आणला तर दारातच बघून घ्या. आता पुण्या-मुंबईत पण सगळीकडे ह्या लिली मिळतात, मागच्या भेटीत पाहिलं.

इकडे अमेरिकेत असणाऱ्यांसाठी: माणसांसाठी पॉइझन कंट्रोल 1-800-222-1222, प्राण्यांसाठी एएसपीसीएची हेल्पलाइन 888-426-4435 (ह्याला पैसे पडतात पण वेळ बघत नाहीत).

पशुवैद्य_नाशिक

मनी यांनी लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

मी कुत्र्यांबद्दल सांगतो कारण इथे कुणी काढलं नाही. झाडापेक्षा खतानं आलेल्या केसेस मी जास्त बघितल्यात. एरंडी पेंड. सेंद्रिय म्हणून कुंडीत घालतात, तिला कुत्र्यांना आवडणारा वास असतो आणि ते उकरून खातात. एरंडीच्या बीमध्ये रायसिन नावाचं विष असतं, तेलात ते उतरत नाही म्हणून एरंडेल चालतं, पण पेंडीत राहू शकतं. मागच्या पावसाळ्यात एक लॅब्राडोर आला, मालकांनी संध्याकाळी गुलाबाला पेंड घातलेली, सकाळी रक्ती जुलाब. तीन दिवस सलाईनवर ठेवून वाचला, प्रत्येक वेळी वाचतातच असं नाही. घरात कुत्रा असेल तर एरंडी पेंड आणूच नका, गांडूळखत वापरा. पावसाळ्यात गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतात त्या पण तशाच, कुत्रा खाऊ समजून खातो आणि झटके येतात.

झाडांमध्ये कुत्र्यांसाठी सगळ्यात वाईट सायकस. एक-दोन बियांनीसुद्धा लिव्हर जाऊ शकतं. बंगल्यांच्या दारात दोन बाजूंना दोन सायकस ही फॅशनच आहे, मादी झाडाला केशरी बिया येतात त्या वेळेत काढून टाका.

आणि कृपा करून मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. कुत्र्याला नाही, मांजराला नाही, मुलाला तर नाहीच. मिठानेच जीव जाऊ शकतो.

झेडपीची_बाई

शाळेत 22 वर्षं शिकवतेय, विदर्भात. तुम्हा शहरातल्यांना कुंड्यांची काळजी, आम्हाला कुंपणाची. शेताच्या, शाळेच्या कडेला चंद्रज्योत (काही ठिकाणी मोगली एरंड म्हणतात) लावलेली असते, जनावरं खात नाहीत म्हणून. तिची बी चवीला शेंगदाण्यासारखी लागते, हीच अडचण आहे, कडू असती तर पोरांनी थुंकली असती. एक पोरगं खातं, चार जणांना वाटतं आणि तासाभरात सगळे ओकायला लागतात. पेपरात दर वर्षी अशी बातमी येतेच. मी जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात पोरांना झाडापाशी नेऊन दाखवते, फांदी हातात धरून, नुसतं वर्गात सांगून उपयोग होत नाही. बिट्टीचंही तेच. आम्ही लहानपणी बिट्ट्यांनी खेळलोय, पण ती फोडून आतला गर खाल्ला तर कण्हेरीसारखंच हृदयावर जातं. गुंजा तर किती देखण्या, लाल अंगावर काळा टिळा, मुलं खिशात भरतात. 96 गुंजांचा तोळा व्हायचा म्हणून सोनाराकडच्या जुन्या डबीत पण सापडतील. अख्खी गिळली तर टणक सालीमुळे बरेचदा तशीच बाहेर पडते, पण चावली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली की धोका, आतलं विष रायसिनच्याच जातीचं.

गोदाक्का

मी 71 वर्षांची आहे, मुलीने टाईप करून दिलंय. सगळे नर्सरीचं बोलताय, देवघराचं कुणी बोललं नाही म्हणून लिहायला सांगितलं. गणपतीच्या 21 पत्रींत धोतरा असतो, कण्हेर असते, रुई असते. महाशिवरात्रीला धोतऱ्याचं काटेरी फळ आणि फूल. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ. पूजा झाली की निर्माल्य कुठे असतं? परडीत, खाली, कोपऱ्यात. बाळ जातं नेमकं तिथेच. माझ्या भाच्याने दोन वर्षांचा असताना महादेवाच्या देवळातून आणलेलं धोतऱ्याचं फळ फोडून बिया खाल्ल्या होत्या, तोंड कोरडं पडलं, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या, अंग तापलं आणि हवेत काहीतरी पकडतोय असे हात करायला लागला, आम्हाला वाटलं बाहेरची बाधा. डॉक्टरांनी बाहुल्या बघूनच धोतरा ओळखला, म्हणून वाचला. देवाला वाहायचं ते वाहावं, मी अजून वाहते, पण निर्माल्य त्याच क्षणी उचलून उंच ठेवते. आणि रुईचा चीक लागलेला हात डोळ्याला लावू नये, कधी कधी फार दुखतसुद्धा नाही, नुसतं धुरकट दिसायला लागतं आणि माणूस दुर्लक्ष करतो.

अळूवडी

गोदाक्का, नमस्कार. हे मला सुचलंच नव्हतं, आमच्याकडे पण पत्री परडीत दिवसभर तशीच असते.

तातडीचं एकत्र लिहून ठेवते. तोंडातला तुकडा काढा, ओल्या कपड्याने पुसा, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर थोडं गार पाणी किंवा दूध. चीक डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याखाली निदान 15 मिनिटं, मग डोळ्यांचे डॉक्टर. उलटी काढायची नाही. झाडाची फांदी किंवा फोटो बरोबर न्यायचा, "हिरवं काहीतरी खाल्लं" एवढ्यावर डॉक्टरांना काही करता येत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, टोल फ्री 1800-116-117, चोवीस तास, तुमचे डॉक्टरसुद्धा तिथे विचारू शकतात. श्वास लागला, सुस्ती आली, बिया चावल्यात असं वाटलं, तर फोन करत बसू नका, 108 किंवा मिळेल ती गाडी.

चिऊची_आई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, मनी तुमचं वाचून रडू आलं. हा अख्खा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. त्या गोदाक्कांचा भाग संपल्यावर स्वतःच उठल्या आणि देवघराखालची परडी फडताळात वर ठेवली. अडेनियम, पानफुटी आणि सदाफुली त्यांच्या बहिणीकडे गेली, तिथे ना मूल ना मांजर. डिफेनबॅकिया पण तिकडेच. मनी प्लांट टांगला, वेल छाटली. प्रत्येक कुंडीला नावाची पट्टी लावतोय, म्हणजे उद्या माझ्या गैरहजेरीत काही झालं तर जो कुणी घरात असेल त्याला डॉक्टरांना नाव सांगता येईल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कण्हेर-बिट्टीचा विषय रविवारी मांडतेय.

एकच राहिलं, पिल्लू अजून पानं शोधत फिरतंय, आता तुळशीवर नजर आहे.

गच्चीवरची_माती

त्याला त्याचं स्वतःचं गवत द्या. नवरात्रात घटाला पेरतो तसे पसरट कुंडीत गहू पेरा, आठवड्यात बोटभर उंच येतात, मांजरं आवडीने खातात. दर आठ-दहा दिवसांनी नवीन कुंडी. आणि कण्हेर छाटायची ठरली तर माळ्याला आधीच सांगा, फांद्या जाळायच्या नाहीत, धूरही विषारी असतो, आणि आपल्याकडे थंडीत वॉचमन छाटलेल्या फांद्यांचीच शेकोटी करतात.